पाय धुणाऱ्यांचा अधिकार

ज्या रात्री येशू ख्रिस्ताला धरून नेण्यात आले, त्या रात्रीच्या भोजनाविषयी चारही शुभवर्तमानकारांनी लिहिले आहे. परंतु लूक आणि योहान या दोघांनी टिपलेले दोन तपशील शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावाचून त्या रात्रीचा अर्थ पुरता हाती लागत नाही, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. लूक सांगतो की, भाकरी मोडून झाली, प्याला फिरला, आणि तरीही त्याच पंगतीत, आपल्यामध्ये श्रेष्ठ कोण यावरून शिष्यांत वाद जुंपला. योहान या वादाचा उल्लेख करीत नाही; तो सांगतो की, भोजन चालू असता गुरू उठला, अंगावरची वस्त्रे त्याने उतरवून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन तो ते पुसू लागला. पॅलेस्टाइनच्या धुळीच्या वाटांवरून साध्या वहाणा घालून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या दासाचे काम होते. इतके खालचे की, आपला धर्मबांधव दास म्हणून राबत असला तरी त्याच्यावर या कामाची सक्ती करू नये, असे मत यहुदी धर्मशास्त्र्यांनी नोंदवून ठेवले आहे. हे भोजन चालले होते त्या माडीवरच्या खोलीत गंगाळ होते, पाणी होते, रुमालही होता. वाकायचे कोणी, एवढाच प्रश्न बाकी होता. आणि श्रेष्ठत्वाचा वाद घालणाऱ्या त्या मंडळींपैकी कोणालाही तो आपला प्रश्न वाटला नाही.

पवित्र आठवड्यात या प्रसंगावर जी प्रवचने होतात, त्यांत त्याचे निरूपण बहुधा नम्रतेचा एक सुंदर धडा म्हणून केले जाते, आणि ऐकणारा भाविकही सद्गदित होऊन घरी जातो. मला या निरूपणात काहीतरी निसटल्यासारखे वाटते. काही काळापूर्वीच जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान यांनी येऊ घातलेल्या राज्यात उजवीकडची आणि डावीकडची आसने आपल्याला मिळावीत अशी मागणी केली होती, आणि त्यावर त्यांना जे उत्तर मिळाले त्याचा आशय असा की, परराष्ट्रांचे अधिपती प्रजेवर हुकमत गाजवतात, तशी रीत तुमच्यांत असू नये; ज्याला मोठे व्हावयाचे असेल त्याने सर्वांचा दास व्हावे. मार्काने नोंदवलेले हे उत्तर एका मागणीपुरते नव्हते. ख्रिस्ताच्या नावाने जो समाज पुढे उभा राहणार होता, त्याच्या कारभाराची ती सनद होती, आणि शेवटच्या रात्री त्या सनदेवर पाण्याने शिक्कामोर्तब झाले. पेत्राला स्वर्गराज्याच्या किल्ल्या देण्यात आल्या हे खरेच. परंतु ज्याच्या हाती किल्ल्या दिल्या त्याचेच पाय त्या रात्री धुतले गेले, आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत अशी आज्ञा त्यालाच मिळाली. अधिकार आणि सेवा या दोन गोष्टी वेगळ्या असून अधिकाऱ्याने फुरसतीच्या वेळी थोडी सेवाही करावी, असा समेट या शिकवणीत बसत नाही. सेवेला जे स्वरूप आहे तेच येथे अधिकाराला आहे, दुसरे नाही.

पेत्राने पाय धुऊन घेण्यास साफ नकार दिला, ही गोष्ट योहानाने आवर्जून लिहिली आहे, आणि या नकाराकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. वरवर पाहता तो गुरुभक्तीचा आविष्कार आहे. पण त्याच्या मुळाशी जुनी उतरंड शाबूत ठेवण्याची इच्छा दडलेली आहे, कारण गुरू जर वाकला तर उद्या शिष्यालाही वाकावे लागेल, आणि श्रेष्ठ-कनिष्ठांची जी पायरी आज आपल्या डोक्यावर आहे ती उद्या आपल्या पायाखाली येण्याची आशा कायमची मावळेल. ख्रिस्ताने त्याला दिलेले उत्तर कठोर आहे: पाय धुऊन घेतले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. म्हणजे सेवा करण्याइतकेच सेवा घेणेही या मार्गात अपरिहार्य आहे. आणि ज्याला दुसऱ्यापुढे आपले मळलेले पाय उघडे करण्याचा संकोच वाटतो, त्याने केलेल्या सेवेत मालकीचा वास राहतोच.

या आज्ञेचे पुढे काय झाले हे पाहू लागले म्हणजे दोन निरनिराळ्या वाटा दिसतात. सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनो येथे संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली, तिच्यातला स्वयंपाकघराविषयीचा अध्याय मला सर्व धर्मशास्त्रीय ग्रंथांपेक्षा अधिक बोलका वाटतो. मठातील बंधूंनी आठवड्याच्या पाळीने एकमेकांना वाढावे, आजारपण किंवा अतिमहत्त्वाचे काम असल्याखेरीज कोणालाही यातून सूट नसावी. शनिवारी ज्याची पाळी संपते त्याने सफाई करावी, बंधू ज्यांनी हातपाय पुसतात ती वस्त्रे धुवावीत, आणि पाळी संपलेला व पाळी सुरू होणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत. भांडीकुंडी स्वच्छ आणि अभंग स्थितीत कोठारप्रमुखाच्या हवाली करावीत, म्हणजे काय दिले आणि काय परत आले याचा हिशेब राहील. आणि वाढणाऱ्यांना भोजनाच्या आधी थोडी भाकरी आणि पेय नेहमीच्या शिध्याहून अधिक द्यावे, म्हणजे कुरकुर न करता ते वाढू शकतील. शेवटच्या कलमात केवढे मनुष्यज्ञान आहे! उपाशीपोटी वाढणाऱ्याचे मन कसे होते हे बेनेडिक्टला ठाऊक होते, आणि सेवा म्हणजे देहाला छळणे असे त्याला वाटत नव्हते. मठाधिपतीने पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालावे, आणि त्याने व सर्व बंधूंनी मिळून त्यांचे पाय धुवावेत, त्यातही गरीब आणि यात्रेकरू यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण श्रीमंतांना त्यांच्या धाकामुळेच मान मिळतो, असेही त्याने पुढे एका अध्यायात लिहिले आहे. येथे सेवा वार आणि पाळी ठरवून दैनंदिन कारभारात बसवली आहे.

दुसरी वाट राजवाड्यांतून गेली. पवित्र गुरुवारी गरिबांचे पाय धुण्याचा विधी युरोपातील राजांनी उचलला. व्हिएन्नाच्या दरबारात सम्राट फ्रान्स जोसेफ दरवर्षी बारा वृद्ध गरिबांचे पाय समारंभपूर्वक धूत असे, आणि उरलेले वर्षभर साम्राज्याचा मानमरातब तसूभरही हलत नसे. इंग्लंडमध्ये राजाने स्वतः पाय धुण्याची प्रथा सतराव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. आज तेथे राजाच्या वयाची जेवढी वर्षे तेवढ्या वृद्ध स्त्रिया आणि तेवढेच पुरुष बोलावून त्यांना खास पाडलेल्या नाण्यांच्या थैल्या देतात, आणि या समारंभात दानाधिकारी आजही कमरेला तागाचे शुभ्र वस्त्र गुंडाळून उभे असतात. पाणी गेले, पाय गेले, वस्त्र तेवढे उरले. सत्ता आणि सेवा यांचा सांधा तुटल्यावर विधी कसा दानधर्माकडे कलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. देणाऱ्याचे आसन त्याने हलत नाही, आणि घेणारा घेणाराच राहतो.

म्हणूनच 2013 साली नव्याने निवडून आलेल्या पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारचा हा विधी भव्य महामंदिरात न करता रोममधील कासाल देल मार्मो या अल्पवयीन गुन्हेगारांच्या कारागृहात केला, तेव्हा त्याचे महत्त्व केवळ हृदयस्पर्शी दृश्यापुरते नव्हते. ज्या बारा तरुणांचे पाय त्यांनी धुतले, त्यांत दोन मुली होत्या आणि मुसलमानही होते. विधिनियमांत तोवर केवळ पुरुषांचाच उल्लेख होता, आणि तो नियम पुढे जानेवारी 2016 मध्ये अधिकृतपणे बदलण्यात आला. आधी गुडघे टेकले, मग नियम बदलला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. 2025 च्या एप्रिलमध्ये, मृत्यूच्या अवघ्या चार दिवस आधी, ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. त्या वर्षी शरीराने साथ दिली नाही, पाय धुता आले नाहीत. तरीही ते कैद्यांत जाऊन बसले.

आता मी आपल्या प्रांताकडे वळतो, कारण मराठी ख्रिस्ती समाजाला या आज्ञेचा एक असा अर्थ ठाऊक आहे, जो रोमला किंवा व्हिएन्नाला ठाऊक असणे शक्य नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे दिले, आणि त्यानंतरच्या शतकात नगर जिल्ह्यातल्या व आसपासच्या ज्या कुटुंबांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांतली बहुसंख्य महार आणि मांग समाजातली होती. सेवा ही या कुटुंबांना प्रवचनातून शिकावी लागली नव्हती. ती त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली होती. वतनाच्या नावाखाली गावच्या वेशीवर राखण करायची, सरकारी टपाल आणि पाटला-कुळकर्ण्यांचे हुकूम रात्री-अपरात्री पोहोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेली गुरे ओढून न्यायची, मर्तिकाचा सांगावा परगावी घेऊन जायचा, आणि या सगळ्या चाकरीच्या बदल्यात इनामाचा एक तुटपुंजा तुकडा आणि घरोघर मागून आणलेली भाकरी. 1874 च्या वतन कायद्याने या चाकरीला सरकारी चौकट दिली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात तो कायदा दुरुस्त करण्यासाठी विधेयक मांडले. आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा प्रत्यक्षात यायला 1958 साल उजाडावे लागले. ज्यांच्या आजोबांनी अशी वेठ केली, त्यांच्यापुढे उभे राहून कोणी पुढाऱ्याने नम्रतेचे आणि वाकण्याचे माहात्म्य सांगावे, यात मला फार मोठा धोका दिसतो.

गंगाळापुढे वाकलेला तो मनुष्य स्वेच्छेने वाकला होता, आणि ज्यांच्यापुढे तो वाकला ते त्याला गुरू आणि प्रभू म्हणत होते. योहान तर हेही लिहितो की, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून त्याने कमरेला रुमाल बांधला. ही आज्ञा वरून खाली जाते, खालून वर जात नाही. जो आधीच गुडघ्यांवर आहे त्याला आणखी खाली वाकण्याचा उपदेश करणे म्हणजे ख्रिस्ताच्या तोंडी पाटलाचा हुकूम घालणे होय. घरातल्या सुनेला, मंडळीच्या अल्पवेतनी बायबलबाईला, चर्चच्या आवारात झाडू मारणाऱ्या कुटुंबाला, आपल्याकडे नम्रतेचे पाठ फार सहज दिले जातात. ज्यांच्या सहीने बँकेचे खाते चालते त्यांना ते क्वचितच दिले जातात. माझा सारा आग्रह या एका जागी आहे. पाय धुण्याची आज्ञा ज्यांच्या हातात काही आहे अशांसाठी आहे, आणि ती पाळल्याची खूण अशी की, ज्याचे पाय धुतले गेले तो मनुष्य नंतर अधिक ताठ उभा राहतो, स्वतःचे मत स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो आणि प्रसंगी पाय धुणाऱ्याला नाहीही म्हणू शकतो.

ही खूण मनाशी धरून मी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाकडे पाहतो. रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. आईवडील आणि बहीण त्याआधीच दुष्काळात गेली होती. ख्रिस्ती झाल्यानंतर 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्यास नेले. आणि 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन भुकेने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. ज्या बाईने लहानपणी दुष्काळात आपली माणसे गमावली, तिला त्या मुलींच्या डोळ्यांत काय दिसले असेल, याची कल्पना करण्याची गरज नाही. ते तिने पूर्वी स्वतः भोगलेले होते. विसावे शतक उगवले तेव्हा केडगावच्या माळरानावर दोन हजारांच्या आसपास स्त्रिया आणि मुले राहत होती, आणि त्या सर्वांच्या पोटाची, आजाराची, शिक्षणाची जबाबदारी या एका पंडितेने पत्करली होती. विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, माग चालू झाले, तेलाचा घाणा फिरू लागला, छापखाना आला.

परंतु माझ्या दृष्टीने रमाबाईंच्या सेवेचे सर्वांत विलक्षण रूप त्या छापखान्यात आहे. ज्यांनी संस्कृतावर प्रभुत्व मिळवले होते आणि ज्यांना पंडितांच्या सभेत मान्यता होती, त्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून मूळ संहितेवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आणि ते करताना त्यांनी आपली सारी विद्वत्ता या एका उद्देशाला जुंपली की, ज्या स्त्रीला जेमतेम अक्षरओळख आहे तिलाही ते वाचता यावे. विद्वानाने सोपे लिहिणे ही फार अवघड तपश्चर्या आहे. हातातले शस्त्र स्वतःहून खाली ठेवण्याइतकी अवघड. त्या भाषांतराचे खिळे मुक्तिसदनातल्याच स्त्रियांनी जुळवले. दुष्काळात जिला उचलून आणले, टाकून दिलेली म्हणून जिची गणना होत होती, ती स्त्री आता खिळ्यांच्या पेटीपुढे उभी राहून एकेक अक्षर उलटे वाचून सुलट छापीत होती, आणि बाईंच्या मजकुरात चूक राहिली तर तीही तिच्याच नजरेस पडत होती. सेवा झालेला मनुष्य ताठ उभा राहतो असे मी वर म्हटले, ते मला असेच अभिप्रेत आहे. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाईंनी देह ठेवला, त्यापूर्वी भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा तर त्यांच्याआधीच, 1921 मध्ये, गेली होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा मराठी वाचकाला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे परिचित आहे, तिची सगळी वळणे येथे सांगत बसत नाही. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला मिशनच्या सेवेत अनेक वर्षे काढली, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि 1917 मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यास जाऊन राहिले. तेथे त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही शिष्य म्हणून जागा होती. परदेशी मिशनरी आणि एतद्देशीय कार्यकर्ते यांच्यातले धनी-चाकराचे नाते टिळकांना सलत होते, हे त्यांनी लपवले नाही. त्याआधी सुमारे सात वर्षे, 1910 मध्ये, एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या या दक्षिणेतल्या तरुण कार्यकर्त्याने हीच व्यथा जगापुढे मांडली होती: तुम्ही आमच्यासाठी धन वेचलेत, प्राणही वेचलेत; आता आम्हाला मित्र द्या, असा त्याच्या भाषणाचा शेवट होता. सभागृहातल्या अनेकांना ते बोलणे रुचले नाही. ज्यांनी घरदार सोडून, हवापाण्याशी झुंजून या देशात आयुष्ये वेचली, त्यांच्या त्यागाविषयी माझ्या मनात निःसंशय आदर आहे. पण त्यागसुद्धा वरच्या पायरीवरून करता येतो, आणि ज्याच्यासाठी तो केला जातो त्याला तो जन्मभर मिंधा ठेवू शकतो. टिळकांनी पगार सोडला तेव्हा त्यांनी आपल्या बाजूने ती पायरी मोडली. साताऱ्यानंतर त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. 1919 च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचा अंत झाला, आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

पाय धुणे ही अक्षरशः रोजची गोष्ट असलेले एक ठिकाण आपल्या राज्यात आहे, ते म्हणजे कुष्ठरुग्णालय. मिरजेला आणि अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याला ख्रिस्ती संस्थांनी शतकाहून अधिक काळ हे काम चालवले आहे. कुष्ठरोगाने मज्जातंतू निकामी झाले की पायाची संवेदना जाते, घाम येणे थांबते, कातडी कोरडी पडून भेगाळते. काटा रुतला, खडा टोचला, चप्पल लागली, तरी रोग्याला कळत नाही, आणि न दुखणाऱ्या त्या जखमेवर तो चालत राहतो. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 नंतरच्या दशकात हेच सिद्ध केले की, बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत, वेदनेचा पहारा उठल्यामुळे ती झिजतात. त्यावरचा रोजचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. सकाळी टबांत किंवा बादल्यांत साधे पाणी भरतात; रोगी बाकावर रांगेने बसून अर्धा तास पाय त्यात बुडवून ठेवतात; मग भिजून मऊ झालेले घट्टे दगडाने हलक्या हाताने घासून काढायचे, ओलसर पायालाच तेल चोळायचे म्हणजे ओलावा आत टिकतो, आणि तळवा उजेडाकडे वळवून कुठे नवी भेग, नवा लाल डाग आहे का ते बोटाबोटांतून पाहायचे. हे काम जिच्याकडे असते ती परिचारिका खाली ठेंगण्या स्टुलावर बसलेली असते आणि रोगी वर बाकावर. तळव्याची जखम दुसऱ्या कुठल्या उंचीवरून नीट दिसतच नाही.

आणि या उपचाराचा खरा रोख आणखी पुढे आहे. रोग्याला हे सगळे स्वतः करता यावे, स्वतःच्या डोळ्यांनी रोज स्वतःच्या पायांचा तपास घेता यावा, घरी गेल्यावर परिचारिकेची गरज पडू नये, यासाठी तिचे शिकवणे चाललेले असते. काही ठिकाणी बरे झालेले रोगी नव्या रोग्याचे पाय पाहतात आणि त्याला शिकवतात. योहानाने लिहिलेली आज्ञाही, एकमेकांचे पाय धुवा, अशी परस्परांची आहे. जे काम गुरूने आरंभले ते शिष्यांच्या हाती जावे आणि त्यांच्याकडून आणखी पुढे जावे, असा तिचा ओघ आहे. मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तीनच वर्षांत तेथे वैद्यकीय शाळा काढली आणि एतद्देशीय तरुणांच्या हाती आपली विद्या दिली. शस्त्रक्रियेतल्या त्यांच्या नावलौकिकापेक्षा हा निर्णय मला मोठा वाटतो, कारण त्यात आपल्यावाचून चालावे अशी तजवीज होती.

आपल्या आजच्या मंडळ्यांचा कारभार या कसोटीला लावला म्हणजे मन विषण्ण होते, आणि हे मी बाहेरच्या माणसाच्या अलिप्तपणाने लिहीत नाही. पूर्वजांनी पै-पैशाने आणि मिशनांनी मोठ्या विश्वासाने उभ्या केलेल्या जमिनी, शाळा, वसतिगृहे यांच्या ताब्यावरून वर्षानुवर्षे दिवाणी दावे चालले आहेत. एकाच विश्वस्त मंडळाच्या दोन तटांचे परस्परविरोधी बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांपुढे पडून राहतात. पंचकमिटीच्या निवडणुकीत सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात, आणि रविवारी त्याच बाकावर बसून प्रभुभोजन घेतात. माडीवरच्या खोलीतला वाद आजही चालू आहे, आणि तोही भाकरी मोडून झाल्यानंतर. हे सगळीकडे असेच आहे असे मी म्हणत नाही. मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या खेड्यांतून तुटपुंज्या मानधनावर पायपीट करणारे पाळक, वसईच्या धर्मग्रामांतून वृद्धांच्या उशाशी बसणाऱ्या भगिनी, यांच्या बळावरच आमचा समाज उभा आहे. त्यांच्या सेवेचा आणि मंडळाच्या हुद्द्यांचा काही संबंध उरलेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. जो सेवा करतो त्याच्या हाती निर्णय नाही, आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याने शेवटचे केव्हा कोणाचे दुखणे काढले हे मंडळीला सांगता येत नाही.

हा संबंध पुन्हा जोडावयाचा तर तो बेनेडिक्टच्या रीतीने, म्हणजे नियमाने आणि पाळीने जोडला पाहिजे. भावनेच्या भरात केलेला संकल्प पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंतही टिकत नाही. सणाच्या प्रीतिभोजनाला मंडळीत स्वयंपाक, वाढणे आणि शेवटी पातेली घासणे ही कामे वर्षानुवर्षे त्याच स्त्रिया आणि तीच मुले करतात; ही पाळी विश्वस्तांनी, वडिलांनी आणि पाळकाने आपल्याकडे घ्यावी, आणि ती त्यांच्या नावानिशी फलकावर लागावी. ज्याला वडील म्हणून उभे राहावयाचे असेल त्याने आधी एक वर्ष मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा केलेली असावी, आणि त्या घरांना त्याच्याविषयी विचारले जावे. जमाखर्च वर्षातून एकदा छापून न ठेवता दर तिमाहीला उपासनेनंतर मोठ्याने वाचला जावा, आणि मागच्या बाकावर बसणाऱ्या विधवेला उठून प्रश्न विचारता यावा, व तिला उत्तर मिळेपर्यंत सभा उठू नये. मुदत संपलेल्या अधिकाऱ्याने दप्तर, चाव्या आणि शिक्के त्याच आठवड्यात, काय दिले आणि काय घेतले याची यादी करून, पुढच्याच्या हवाली करावेत. आणि मंडळीच्या पैशातून पहिला पगार चर्च झाडणाऱ्याचा निघावा, दुसरा बायबलबाईचा, आणि पाळकाचा व कार्यालयाचा त्यानंतर. ज्या महिन्यात तिजोरीत खडखडाट असेल त्या महिन्यात थांबण्याची पाळी वरच्यांची असावी. यातले कोणतेही काम अवघड नाही, कशालाही धर्मप्रांताची किंवा सिनडची मंजुरी लागत नाही, आणि येत्या वार्षिक सभेत एखादी मंडळी ठरावाने हे सारे सुरू करू शकते.